कोळशाची मोटार आणि तासलेले हेड



मोटारीच्या इंजिनाचे हेड तासणे हा इतिहासाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका आपल्यापैकी काहींच्या मनात येणे साहजिक आहे. इतिहास म्हटला की तह, लढाया, दत्तकविधाने आणि सनदा. कागलकरांना तर त्याची वाण नाही. ज्या घाटगे घराण्यातून छत्रपती शाहू महाराज १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले, त्या घराण्याचे हे गाव. त्यांच्यावर बोलणारे अधिकारी वक्ते या मांडवात दरवर्षी येतात व पुढेही येतील. आम्हांला मात्र आज आपले लक्ष गावातील वाड्यावरून काढून गावाच्या कडेने जाणाऱ्या रस्त्याकडे वळवावयाचे आहे. आणि त्या रस्त्याने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पाठीशी कोळशाची शेगडी बांधून, खोकत-धापा टाकीत गेलेल्या सर्व्हिस मोटारींकडे.

रस्त्याचे महत्त्व आधी ध्यानी घेतले पाहिजे. मिरजेहून कोल्हापूरला आगगाडी आली ती १८९१ साली, आणि तेथेच थांबली. मिरजेहून बेळगावास जाणारा लोहमार्ग घटप्रभेकडून जातो. कोल्हापूर-कागल-निपाणी-संकेश्वर ही ओळ त्याच्या बाहेर राहिली. म्हणजे कोल्हापुराच्या दक्षिणेस, पुणे-बंगलोर रस्त्यावर जी गावे आहेत त्यांना आगगाडी नाही. निपाणीची तंबाखू, कागल-मुरगूडकडचा गूळ, लग्नाची वऱ्हाडे, कोर्टकचेरीचे पक्षकार, गैबीच्या उरुसाचे यात्रेकरू, हे सारे बैलगाडीने तरी जावयाचे, नाही तर मोटारीने. त्यामुळे मोटार थांबली म्हणजे पुण्या-मुंबईच्या माणसाची जेवढी अडचण होई तिच्या कितीतरी पट आपल्या भागाची होई. या रस्त्यावर निपाणी ओलांडली की स्तवनिधीजवळ तवंदीचा घाट लागतो. घाट सह्याद्रीच्या मानाने लहानच. परंतु पुढे सांगावयाची सारी कथा या एका चढाने समजते, म्हणून तो आपण लक्षात ठेवावा.

आता त्या मोटारीच्या पोटात काय होते ते पाहू.

अमेरिकेतील शेवरोले कंपनीने १९२९ सालच्या आपल्या गाडीत चार नळकांड्यांऐवजी सहा नळकांड्यांचे, म्हणजे सहा सिलिंडरांचे, एका ओळीत बसविलेले इंजिन घातले. चार सिलिंडरांच्या किमतीत सहा, अशी त्याची जाहिरात होती. १९४ घन इंचांचे हे इंजिन ४६ अश्वशक्ती देई. १९३७ साली त्याची नवी आवृत्ती निघाली : बोअर साडेतीन इंच, स्ट्रोक पावणेचार इंच, एकूण आकारमान २१६ घन इंच आणि अश्वशक्ती ८५. जनरल मोटर्स या मूळ कंपनीने १९२८ साली मुंबईस शिवडी येथे सुटे भाग जोडून मोटारी तयार करण्याचा कारखाना काढला होता. त्यामुळे शेवरोले हे नाव महाराष्ट्रात लवकर पसरले. त्याच कंपनीची विलायतेतील बेडफर्ड मालगाडी १९३१ साली निघाली, तिचे सहा सिलिंडरी इंजिनही याच कुळातले. मोटार मालक मंडळी चेसिस विकत घेत आणि त्यावर इकडच्या सुतारांकडून लाकडी बॉडी बांधून घेत. अर्धी गाडी अमेरिकन आणि अर्धी गावची!

या इंजिनाची रचना साधी होती आणि त्यातच त्याचे यश होते. खाली ओतीव लोखंडाचा ब्लॉक, त्यात सहा बोअर. वर झाकण, तेच हेड. या हेडात बारा व्हॉल्व्ह, त्यांना खालून लांब दांड्यांनी आणि वरून रॉकरांनी हलवावयाचे. जळणाची पोकळी हेडातच कोरलेली. एका अंगाला दोन मॅनिफोल्ड : एकाने पेट्रोल-हवेचे मिश्रण आत यावयाचे, दुसऱ्याने धूर बाहेर जावयाचा. सहा सिलिंडरांना आत येण्याची तोंडे मात्र तीनच होती. एक व दोन, तीन व चार, पाच व सहा अशी जोडी-जोडीने एका तोंडावर पाणी पिणारी ही भावंडे. या काटकसरीचा एक दोष होता. ठिणगी पडण्याचा क्रम एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. तो मांडून पाहिला म्हणजे दिसते की मधली जोडी सारख्या अंतराने श्वास घेते, पण दोन्ही टोकांच्या जोड्यांत एक भाऊ दुसऱ्याच्या लगेच मागोमाग येतो आणि मग बराच वेळ कोणीच येत नाही. पेट्रोलचे थेंब ओले आणि जड. या ओढाताणीत कोणाच्या वाट्याला जास्त, कोणाच्या कमी. थेंबांची वाफ व्हावी म्हणून कार्बुरेटरच्या खाली आतला मॅनिफोल्ड धुराच्या मॅनिफोल्डाला चिकटवून त्या उष्णतेने मिश्रण गरम करण्याची सोय केली होती. ही गरम जागा श्रोत्यांनी विसरू नये. तिचा हिशेब पुढे करावयाचा आहे.

१९३९ साली युद्ध सुरू झाले. हिंदुस्थानात १९४१ साली पेट्रोलचे रेशनिंग आले. या देशाचे स्वतःचे तेल आसामात डिगबोईला, आणि तेही थोडे. मोठा आधार ब्रह्मदेशाचा होता. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी रंगून घेतले आणि माघार घेणाऱ्या इंग्रजांनी तेथील तेलशुद्धीचा कारखाना जाताना स्वतःच्या हातांनी उद्ध्वस्त केला. जे पेट्रोल होते त्यावर पहिला हक्क लष्कराचा. सर्व्हिस मोटारवाल्यापुढे दोनच वाटा उरल्या : गाडी झाडाखाली उभी करणे, किंवा ती कोळशावर चालविणे.

कोळशावर म्हणजे आगगाडीप्रमाणे वाफेवर नव्हे. हा गैरसमज त्या काळीही होता. मोटारीच्या मागे अथवा बाजूला पत्र्याचे एक उभे पिंप असे. त्यात लाकडी कोळसा भरावयाचा, खालून पेटवावयाचा आणि हवा मात्र मोजकीच द्यावयाची. भरपूर हवा मिळाली तर कोळसा जळून त्याचा कर्बद्विप्राणिद वायू होतो, जो पुढे जळत नाही. पण हा वायू वरच्या लालबुंद कोळशातून ओढून नेला तर तो एक प्राणवायू कोळशाला देऊन टाकतो आणि स्वतः कर्बएकप्राणिद होऊन बाहेर पडतो. हा जळतो. थोडी वाफ सोडली तर त्यात हायड्रोजनही मिसळतो. हाच प्रोड्यूसर गॅस. आपल्याकडे नुसते 'गॅस' म्हणत. त्यात निम्म्याहून अधिक भाग हवेतला निरुपयोगी नत्रवायू, पाव भागाच्या आसपास कर्बएकप्राणिद आणि थोडा हायड्रोजन. हा गॅस गाळण्यातून आणि थंड करणाऱ्या नळ्यांतून इंजिनाकडे न्यावयाचा. युरोपात ही विद्या आधीच वाढली होती. फ्रान्समध्ये जॉर्ज इम्बेर याने १९२० नंतरच्या दशकात लाकडावर चालणारी उत्तम भट्टी सिद्ध केली होती, आणि युद्धकाळात एकट्या स्वीडनमध्ये सत्तर हजारांहून अधिक वाहने या गॅसवर चालत होती. आपल्या इकडे लाकडापेक्षा कोळसा वापरण्याचा प्रघात पडला, कारण लाकडाचा डांबरी चिकटा व्हॉल्व्हना जाम करतो आणि कोळशात तो आधीच निघून गेलेला असतो. एका गॅलन पेट्रोलचे काम करावयास बारा ते सोळा पौंड कोळसा लागे. तो कोरडा हवा, सुपारीएवढ्या खड्यांचा हवा, आणि त्यात माती नको. कोळसा पावसाळ्यात ओला झाला की गॅसही मंद होई.

सकाळी गाडी निघण्याच्या आधी क्लीनरने पिंपाची राख काढावयाची, कोळसा चाळून भरावयाचा, पेटता बोळा लावावयाचा आणि हाताने पंखा फिरवीत बसावयाचे, ते बाहेर सोडलेला गॅस काडीने पेटेपर्यंत. मग गाडी थोड्या पेट्रोलवर सुरू करून गॅसवर घ्यावयाची. या कामातले संकट राखेचे किंवा चटक्यांचे नव्हते. कर्बएकप्राणिदाला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो. बंद गॅरेजमध्ये पंखा फिरविणे किंवा विझत आलेल्या पिंपाजवळ थंडीत ऊब म्हणून झोपणे हे जीवावरचे होते. त्या काळच्या मोटारींच्या आठवणी सांगताना लोक घाटात उतरून ढकललेल्या गाड्यांबद्दल हसून सांगतात. त्या पोरसवदा क्लीनरांचे आयुष्य या आठवणींतून बहुधा गळते.

आता तवंदीच्या चढाकडे येऊ. गाडी पेट्रोलवर होती तेव्हा जो चढ सुखाने चढे तोच गॅसवर का चढेना? हिशेब फार अवघड नाही. सिलिंडर प्रत्येक खेपेस ठरावीक घन इंच मिश्रण ओढतो. पेट्रोलची वाफ त्यात चिमूटभर असते, बाकी हवा. गॅसचे मात्र तसे नाही. त्याला जवळजवळ स्वतःएवढीच हवा लागते, म्हणजे सिलिंडरात निम्मी जागा गॅसच अडवतो, आणि त्या गॅसातही निम्म्याहून अधिक नत्रवायू. परिणामी तेवढ्याच मिश्रणात शक्ती सुमारे दोन तृतीयांश. शिवाय गॅस गाळण्यांतून ओढून घेण्यास इंजिनाला दम लागतो, आणि गॅस गरम असला तर तो विरळ होऊन आणखी कमी मावतो. असे सारे धरून पेट्रोलच्या मानाने निम्मी ते साठ टक्के शक्ती हाती राही. ८५ अश्वशक्तीचे ५५ टक्के काढले तर सत्तेचाळीस होतात. म्हणजे १९३७ सालचे नवे इंजिन गॅसवर घातले की ते शक्तीने १९२९ सालचे होई. आणि गाडीवर वजन मात्र पिंपाचे, कोळशाच्या पोत्यांचे आणि युद्धकाळच्या गर्दीचे!

ही गेलेली शक्ती काही अंशी परत आणावयाची तर इंजिनात दोन ठिकाणी हात घालता येतो. एक हेडात आणि दुसरा मॅनिफोल्डात. हाच आमच्या आजच्या विषयाचा गाभा आहे.

हेडाचे असे. पिस्टन खाली असताना सिलिंडरात जेवढी जागा असते आणि वर आल्यावर जेवढी उरते, त्यांचे प्रमाण म्हणजे दाबाचे प्रमाण. १९३७ च्या शेवरोलेत ते सव्वासहास एक होते. हे प्रमाण जितके मोठे, तितका त्याच जळणातून जास्त उपयोग. मग कंपनीने ते आठ का ठेवले नाही? कारण त्या काळचे पेट्रोल एवढ्या दाबाखाली ठिणगीची वाट न पाहता स्वतःच भडके, आणि इंजिनात हातोडीने ठोकल्यासारखा आवाज येई. मिस्त्री लोक त्याला 'नॉकिंग' म्हणतात. इंग्लंडात हॅरी रिकार्डो या शास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धानंतर याच प्रश्नावर मूलभूत प्रयोग केले, त्यासाठी चालू असतानाच दाब बदलता येईल असे इंजिन बनविले. त्याच्या प्रयोगांवरून जळणाचा स्वभाव आणि हेडाचा आकार यांचा संबंध जगाला उमजला. कोळशाचा गॅस या बाबतीत पेट्रोलहून फार सोशीक. आठ किंवा त्याहूनही अधिक दाब तो निमूटपणे सहन करतो. तेव्हा हेडाचा खालचा पृष्ठभाग मशीनवर तासून पोकळी लहान करावी, म्हणजे दाब वाढेल, ही युक्ती सरळच सुचते. गॅसवर गाड्या चालविण्याच्या त्या काळच्या शास्त्रात तिची शिफारस होतीच.

कितपत तासावयाचे? एका सिलिंडराचे आकारमान छत्तीस घन इंच. सव्वासहाचे प्रमाण असताना वरची जागा पावणेसात घन इंचांहून किंचित जास्त. प्रमाण साडेसात करावयाचे तर ती साडेपाच हवी. म्हणजे सव्वा घन इंचाहून थोडी अधिक जागा कमी करावी लागेल. पोकळीचे तोंड बोअरएवढे धरले तरी त्यासाठी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, पुरा तासून वर थोडे आणखी काढले पाहिजे. सूतभर लोखंड म्हणजे ऐकावयास काहीच नाही. पण हेड हा भरीव ठोकळा नव्हे. आत पाण्याची पोकळ वाट आहे, आणि तळाच्या पत्र्याची जाडी मोजकीच असते. ती उतरली की गरम-थंड होताना दोन व्हॉल्व्हच्या मध्ये तडा जाण्याचा धोका. शिवाय हेड खाली बसले की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ आले आणि वरच्या दांड्या लांब पडू लागल्या; टॅपेट पुन्हा बांधले पाहिजेत, रॉकरखाली कुठे पट्टी द्यावी लागेल ते पाहिले पाहिजे. डॉज किंवा फार्गो गाडीच्या सहा सिलिंडरी इंजिनाची तऱ्हा वेगळी. त्यात व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बाजूला असतात आणि हेड म्हणजे नुसते झाकण. तेथे तासणे सोपे. पण व्हॉल्व्ह उघडला की तो झाकणाच्या छतापर्यंत जातो, म्हणून तासण्यालाही मर्यादा, आणि छत फार खाली आणले तर गॅसला बाजूच्या खोलीतून सिलिंडरात जावयाची वाटच चिंचोळी होते.

इतके करून मिळावयाचे काय? सव्वासहाचे साडेसात केले तर शास्त्राच्या आदर्श हिशेबाने लाभ सुमारे साडेसहा टक्के. अडतीस-चाळीस अश्वशक्ती गमावलेल्या इंजिनाला साडेसहा टक्क्यांची मलमपट्टी! प्रत्यक्षात लाभ यापेक्षा कमीजास्त होईल, पण त्याचा आकार हाच.

दुसरीकडे मॅनिफोल्ड पाहा. पेट्रोलसाठी केलेली ती गरम जागा गॅसला शत्रूप्रमाणे. गॅसला वाफ व्हावयाचे नसते, तो वायूच आहे; त्याला गरम करणे म्हणजे फुगवून विरळ करणे. आत जाणारे मिश्रण शंभर अंशांवरून चाळीस अंशांवर आणले तर त्याच जागेत जवळजवळ एकोणीस टक्के अधिक मावते. याही हिशेबातला काही भाग वाटेत गळतो, कारण सिलिंडराच्या भिंती शेवटी गरमच. तरी साडेसहापेक्षा तो फार मोठा आहे. यासाठी करावयाचे काय, तर दोन मॅनिफोल्डांमधील उष्णतेची वाट पत्र्याची चकती घालून बंद करणे, गॅसच्या नळ्या वाऱ्यावर लांब फिरवून नेणे, आणि कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून गॅस न ओढता त्याच्या खालून स्वतंत्र मोठ्या नळीने आत घेणे. हवा मिसळण्यासाठी त्या नळीला एक फाटा आणि त्यात पातळ झडप. तिची तार ड्रायव्हरच्या हाताशी. जोडीला ठिणगी थोडी अगोदर पाडावयाची, कारण गॅस सावकाश जळतो. आणि एक अनपेक्षित लाभ असा की गॅसात ओले थेंब नसल्याने टोकाच्या जोड्यांची ती जुनी ओढाताण बरीच निवळते; सहाही सिलिंडरांना सारखा घास मिळतो.

आमचे मत असे की ज्याने आधी मॅनिफोल्डाकडे लक्ष दिले त्याने शहाणपणा केला, आणि ज्याने आधी हेड मशीनवर चढविले त्याने उलट्या टोकाकडून सुरुवात केली. आणि यात शक्तीच्या टक्क्यांपलीकडचा एक प्रश्न होता. मॅनिफोल्डातील चकती उद्या काढता येते. नळी सोडून कार्बुरेटर पुन्हा बसविता येतो. तासलेले लोखंड परत चिकटविता येत नाही. युद्ध केव्हा संपेल हे १९४२ साली कोणास ठाऊक नव्हते. पण ते कधीतरी संपेल आणि गाडी पुन्हा पेट्रोलवर येईल हे तर उघड होते. त्या दिवशी साडेसाताच्या दाबाचे इंजिन आणि हलके पेट्रोल यांची गाठ पडावयाची. नॉकिंग सुरू झाले की शेवरोलेच्या या इंजिनात ते विशेष बाधते, कारण त्याच्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगे ओतीव मऊ धातूची, आणि त्यांना तेल मिळे ते बहुतांशी खालून उडणाऱ्या शिंतोड्यांवर. ठोके बसत राहिले की तो मऊ धातू चुरतो. म्हणजे एका लढाईच्या गरजेसाठी काढलेले सूतभर लोखंड पुढे बेअरिंगांच्या रूपाने वसूल व्हावयाचे. ज्याची एकच गाडी आहे, तीही कर्जाची, अशा मालकाने हा निर्णय कसा घेतला असेल? आज ताण पडला आहे म्हणून उद्याचे कापावे काय? हिशेब येत असता तर, असे म्हणणे आपल्याला सोपे आहे. तंबाखूचा हंगाम तोंडावर आणि गाडी घाटात थांबते, हे त्याच्यासमोर होते.

कोल्हापूरच्या मिस्त्रीला असला प्रश्न नवा नव्हता. येथे धातू नेहमीच टंचाईतून मिळालेला. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना तेव्हा शाहू महाराजांनी पन्हाळ्याच्या जुन्या तोफा किर्लोस्करांना नांगर ओतण्यासाठी दिल्या, ही हकिगत आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. विलायती कॅमेरा मिळेना म्हणून बाबूराव पेंटरांनी तो कोल्हापुरात स्वतः घडविला आणि पुढे त्यांच्या कंपनीने 'सैरंध्री' काढला. पेंटरांचे मूळ आडनाव मेस्त्री होते हे येथे सहज आठवते. नदीवरच्या पंपांची आणि गुऱ्हाळांची इंजिने दुरुस्त करता करता या भागातील हात तयार झाले. नवा भाग येणार नाही असे धरूनच ते हात शिकले, हा त्यांचा गुण. आणि अडले की कापा, हा त्याच गुणातून आलेला दोष. दोन्ही आम्हांला एकाच वेळी दिसतात.

याच वर्षांत, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, हेच हेड दुसऱ्याच कारणासाठी तासले जात होते. कॅलिफोर्नियात कोरड्या तळ्यांच्या सपाट मैदानांवर जुन्या मोटारी भन्नाट पळविण्याचा तरुणांना नाद होता. युद्ध संपल्यावर तो उफाळून आला. ते शेवरोलेचे हेड तासून दाब वाढवीत, एकाऐवजी दोन-तीन कार्बुरेटर बसवीत, धुराचा मॅनिफोल्ड मधून कापून दोन करीत. वेन हॉर्निंग या कारागिराने तर त्या तीन तोंडांच्या जोडकुटुंबाला रजा देऊन प्रत्येक व्हॉल्व्हला स्वतंत्र वाट देणारे बारा तोंडांचे नवेच हेड ओतले. शेवटी कंपनीलाही हेच करावे लागले : १९५३ सालच्या कॉर्व्हेट गाडीत तिने याच वंशातले २३५ घन इंचांचे सहा सिलिंडरी इंजिन घातले, तीन कार्बुरेटर, दाबाचे प्रमाण आठास एक, अश्वशक्ती दीडशे. तोपर्यंत पेट्रोल सुधारले होते. जो दाब इकडे कोळशाचा गॅस पेलत होता तो पेलण्यास अमेरिकन पेट्रोलला एवढी वर्षे लागली. मौजेसाठी तासणाऱ्याला हेड फुटले तर दुसरे मिळत होते, हा फरक मात्र मोठा.

युद्ध १९४५ साली संपले, पण रेशनिंग दुसऱ्या दिवशी उठले नाही. पिंपे हळूहळू उतरली. त्यांच्यामागे राहिली ती झिजलेली इंजिने. कितीही गाळले तरी राखेचा कण आत जाई आणि रिंगा व बोअर खाई. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एस. टी.ची पहिली गाडी धावली. ती बेडफर्ड होती, लाकडी बॉडीची, तीस माणसांची. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. सर्व्हिस मोटारींचा जमाना सरला. त्यांच्याबरोबर गावोगावच्या मालकाचा आणि मिस्त्रीचा तो संबंधही सरला, ज्यात हेड तासावे की नाही हे दोघांनी चहा पितापिता ठरवावयाचे. एस. टी.च्या डेपोत असे ठरविण्याचा अधिकार फिटरला नसतो, आणि प्रवाशाच्या दृष्टीने ते बरेच म्हणावे लागेल.

पुढे सहा सिलिंडर राहिले, पेट्रोल गेले. विलायतेच्या पर्किन्स कंपनीचे पी-सिक्स हे डिझेल इंजिन जुन्या पेट्रोल मालगाड्यांत बसविता येई, आणि ते अनेकांनी बसविले. १९५४ साली जमशेदपूरहून टाटा-मर्सिडीज-बेंझची सहा सिलिंडरी डिझेल मालगाडी बाहेर पडली आणि पुणे-बंगलोर रस्त्याचा आवाजच बदलला. त्याच वर्षी जनरल मोटर्सने शिवडीचा कारखाना बंद केला. शेवरोलेचे सुटे भाग मग चोरबाजारात आणि भंगारात शोधावे लागले. आज कोल्हापूर परिसरातल्या ओतशाळांत मोटारींचे ब्लॉक आणि हेड ओतले जातात, आणि कागल-हातकणंगले औद्योगिक वसाहत तर आपल्या दाराशीच आहे. ज्या भागात हेडाला तडा गेला तर वितळून सांधण्यावाचून गती नव्हती, तेथून आता नवी हेडे बाहेर जातात.

जुन्या मोटारी हौसेने सांभाळणारी मंडळी आपल्या जिल्ह्यात आहेत. त्यांच्यापैकी कोणाच्या घरी १९३७ ते १९४१ च्या दरम्यानची शेवरोले उभी असेल आणि ती पेट्रोलवर ठोकत असेल, तर ठिणगी मागे घेऊन, महागडे पेट्रोल भरून किंवा कार्बुरेटर बदलून पाहण्याच्या आधी एक करावे. हेड उतरवावे, उलटे करून टेबलावर सपाटीत ठेवावे. प्लग आणि व्हॉल्व्ह जागच्या जागी बसवावेत. पोकळीच्या तोंडावर ग्रीस लावून काचेची भोक पाडलेली चकती दाबावी आणि प्रयोगशाळेत असते तशा मापाच्या नळीने रॉकेल आत सोडावे, ते काचेला लागेपर्यंत. किती मावले ते लिहून घ्यावे, आणि सहाही पोकळ्यांना हेच करावे. गॅस्केटच्या जाडीने आणि पिस्टनच्या वर उरणाऱ्या जागेने जेवढी भर पडते ती त्यात मिळवावी. बेरीज पावणेसात घन इंचांच्या जवळ आली तर हेड मूळचे आहे. साडेपाचाच्या जवळ आली तर ते कधीतरी मशीनवर चढलेले आहे, आणि त्याला जाड गॅस्केट किंवा दुसरे हेड, एवढेच उपाय आहेत. एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे आकडा उतरत गेला, तर तासणाऱ्याने हेड मशीनवर सरळ बांधले नव्हते.